पैसे कटले, पण पोहोचले नाहीत! मधल्या सॉफ्टवेअरला चूक झाल्याचं कळतं तरी कसं?

१२ एप्रिल २०२५. शनिवार, त्यात हनुमान जयंती. दुपारच्या सुमारास देशभरात दुकानांच्या काउंटरवर एकच दृश्य होतं. क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला आणि स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहिलं. दुकानदार साउंडबॉक्सकडे बघतोय, गिऱ्हाईक मोबाइलकडे बघतंय आणि मागे रांग वाढतेय. थोड्याच वेळात एक्सवर स्क्रीनशॉट्सचा पाऊस पडला. कुणी 'यूपीआय डाउन' लिहिलं, कुणी मीम टाकलं, कुणी थेट सायबर हल्ल्याचा अंदाज बांधून मोकळं झालं.

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआयने त्याच दिवशी तांत्रिक अडचण असल्याचं मान्य केलं. मार्चअखेरपासून यूपीआय अडखळण्याची ही किमान तिसरी वेळ होती. पुढे जे कारण समोर आलं ते मात्र मीम बनवणाऱ्यांनाही सुचलं नसतं. हल्ला वगैरे काही नव्हता, आणि लोकांनी एकाच वेळी खूप पैसे पाठवले असंही नव्हतं. काही बँकांच्या यंत्रणा 'त्या व्यवहाराचं काय झालं?' हा प्रश्न एनपीसीआयला पुन्हा पुन्हा विचारत होत्या. जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. त्या प्रश्नांच्या भडिमाराखाली खरे व्यवहार अडकले.

थोडक्यात, चूक झाली तर काय करायचं यासाठी ठेवलेली सोयच गळ्याशी आली.

हे कसं होतं ते समजून घ्यायचं तर दोन कॉम्प्युटरांच्या मधे बसून निरोप इकडून तिकडे पोहोचवणारं सॉफ्टवेअर काय काम करतं ते बघावं लागेल. आपल्याला ते कधी दिसत नाही. पण 'पैसे कटले, तिकीट आलं नाही' किंवा 'पेमेंट पेंडिंग' असं जे काही आपल्या वाट्याला येतं, त्यातलं बरंचसं या मधल्या माणसाच्या (खरं तर माणूस नसलेल्या माणसाच्या) निर्णयांवर ठरतं.

एका पेमेंटमागे किती जण असतात?

तुम्ही चहाचे २० रुपये दिलेत असं समजा. तुमचं ॲप हा निरोप थेट चहावाल्याच्या बँकेला देत नाही. ॲपच्या मागे असलेली एक बँक तो एनपीसीआयच्या स्विचकडे पाठवते. स्विच आधी समोरचा यूपीआय आयडी नेमका कोणाच्या खात्याला जोडलाय ते विचारून घेतो. मग तुमच्या बँकेला सांगतो, 'या खात्यातून २० रुपये वजा करा.' तिचा होकार आला की चहावाल्याच्या बँकेला सांगतो, 'तिकडे २० रुपये जमा करा.' तिचाही होकार आला की दोन्ही बाजूंना 'झालं' असं कळवतो. मगच साउंडबॉक्स बोलतो.

म्हणजे २० रुपयांसाठी पाच-सहा निरोप आणि तेवढीच उत्तरं. मार्च २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर सुमारे १,८३० कोटी व्यवहार झाले. सरासरी काढली तर दर सेकंदाला ६,८०० हून जास्त. रात्री तीन वाजताचा सेकंदही त्यात धरलेला आहे, त्यामुळे संध्याकाळी सातचा आकडा किती असेल याची कल्पना करा.

यातला प्रत्येक निरोप म्हणजे ठरलेल्या साच्यातला मजकूर असतो. कोणाकडून, कोणाला, किती, व्यवहाराचा क्रमांक काय. एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला इंटरनेटवरून असा निरोप पाठवून काम करून घ्यायचं, याला वेब सर्व्हिस म्हणतात. आणि असे निरोप वाचून, तपासून, गरज पडली तर भाषांतर करून योग्य दारात नेऊन टाकणारं सॉफ्टवेअर म्हणजे राउटिंग सॉफ्टवेअर. डिजिटल पोस्टमनच म्हणा ना.

'नाही' म्हणण्याचे तीन प्रकार

पोस्टमनची उपमा इथे चांगलीच कामाला येते. एखादं पत्र पोहोचलं नाही तर ते तीन वेगवेगळ्या कारणांनी पोहोचत नाही.

पहिलं कारण, रस्ताच बंद. पूल वाहून गेला, गाडी आली नाही. पत्र अजून पोस्टात आहे, उद्या परत निघेल.

दुसरं, पोस्टमन दारापर्यंत गेला आणि उत्तर घेऊन आला. 'या नावाचं इथे कोणी राहत नाही', 'घर सोडून गेले', 'पत्र घ्यायला नकार'. पाकिटावर तसा शेरा मारून ते परत येतं. इथे पोस्टाची चूक नाही. सगळी व्यवस्था नीट चालली, फक्त उत्तर 'नाही' असं आलं.

आणि तिसरं सगळ्यात त्रासदायक. पत्र गेलं, पण पुढे काहीच कळलं नाही. पोहोचलं का? वाचलं का? उत्तर वाटेत हरवलं का? काही पत्ता नाही.

वेब सर्व्हिसच्या दुनियेतही हेच तीन प्रकार आहेत. पहिल्याला सॉफ्टवेअरवाले एक्सेप्शन म्हणतात. दुसऱ्याला फॉल्ट. तिसऱ्याला टाइमआउट. आपल्याला मोबाइलवर तिन्हींसाठी बऱ्याचदा एकच वाक्य दिसतं, 'समथिंग वेंट राँग'. खरं तर या तिघांवरचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

यूपीआयच्या भाषेत यातलाच एक भेद बिझनेस डिक्लाइन आणि टेक्निकल डिक्लाइन या नावांनी ओळखला जातो. खात्यात पैसे नाहीत, पिन चुकला, मर्यादा ओलांडली, तर तो बिझनेस डिक्लाइन. बँकेचा सर्व्हरच पडला असेल तर टेक्निकल डिक्लाइन. कुठल्या बँकेचे किती टक्के व्यवहार कशामुळे फसले याची यादी एनपीसीआय दर महिन्याला आपल्या वेबसाइटवर टाकते. 'आमच्या बँकेचं सर्व्हर कायम डाउन असतं' ही तक्रार खरी की नुसता राग, हे तिथे कुणालाही तपासता येतं.

प्रत्येक नकाराला एक कोडही असतो. 'झेड ९' म्हणजे देणाऱ्याच्या खात्यात पुरेसे पैसे नाहीत. 'झेडएम' म्हणजे पिन चुकीचा. 'यू ६९' म्हणजे समोरून आलेली पैशांची मागणी मुदतीत मंजूर झाली नाही. पाकिटावरचा शेराच, फक्त दोन-तीन अक्षरांत.

हा शेरा मारायची पद्धत कधी सुरू झाली?

१९९० च्या दशकाच्या शेवटी कंपन्यांचे कॉम्प्युटर इंटरनेटवरून एकमेकांशी बोलायला लागले, तेव्हा प्रत्येकाची चूक सांगायची पद्धत वेगळी होती. २००० साली 'सोप' नावाच्या नियमावलीची १.१ ही आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमकडे आली आणि २००३ मध्ये १.२ ही आवृत्ती अधिकृत शिफारस झाली. अंगाला लावायच्या साबणाशी तिचा संबंध नाही, ते इंग्रजी आद्याक्षरांचं नाव आहे.

सोपने एक साधी पण महत्त्वाची गोष्ट ठरवून दिली. नकार द्यायचा असेल तर तोही नीट लिहून द्यायचा. त्यासाठी उत्तरात 'फॉल्ट' नावाचा वेगळा रकाना. त्यात चुकीचा कोड, माणसाला वाचता येईल असं कारण, चूक कुठल्या टप्प्यावर सापडली ते, आणि हवा असेल तर सविस्तर तपशील.

यातला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे चूक कोणाची हे सांगणारा कोड. आवृत्ती १.२ मध्ये त्यासाठी 'सेंडर' आणि 'रिसीव्हर' असे दोन शब्द आहेत. 'सेंडर' म्हणजे तुझाच निरोप चुकलाय, तसाच परत पाठवून काही उपयोग नाही. 'रिसीव्हर' म्हणजे निरोप ठीक होता, आमच्याकडेच गडबड आहे, थोड्या वेळाने कदाचित जमेल. मधल्या पोस्टमनला नेमकं हेच हवं असतं. परत प्रयत्न करू की नको?

आज नवीन ॲप बनवणारे सोप फारसं वापरत नाहीत. यूपीआयचाही स्वतःचा वेगळा साचा आहे. पण बँका, विमा, विमान तिकिटं, टेलिकॉम अशा क्षेत्रांतल्या जुन्या आणि भरवशाच्या यंत्रणा अजूनही सोपवर बोलतात. त्यामुळे चकचकीत ॲपच्या तीन पायऱ्या खाली गेलं की कुठेतरी एक फॉल्ट भरून आलेलं पाकीट सापडतंच.

उंटाची गोष्ट

या पोस्टमनगिरीसाठी जगभर वापरलं जाणारं एक मोफत, खुलं सॉफ्टवेअर म्हणजे अपाची कॅमल. २००७ पासून आहे. ग्रेगर होप आणि बॉबी वुल्फ यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या 'एंटरप्राइज इंटिग्रेशन पॅटर्न्स' या पुस्तकात निरोपांच्या वाहतुकीचे जे नमुने मांडले होते, ते कॅमलने थेट वापरता येतील असे करून दिले. डेव्हलपर त्यात रस्ता लिहितो, 'इथून उचल, हे तपास, याचं रूपांतर कर, तिकडे टाक.'

आता रस्त्यात काही बिघडलं तर? कॅमलच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी यावर बराच विचार केला होता. रस्ता बंद असेल, म्हणजे एक्सेप्शन आलं, तर त्यासाठी एरर हँडलर नावाचा पहारेकरी. तो ठरवून दिलं असेल तर परत प्रयत्न करतो, नाहीतर चूक झाल्याचं वरती कळवतो. पण समोरून फॉल्ट आला, म्हणजे 'नाही' असं लेखी उत्तर आलं, तर पहारेकरी हातही लावायचा नाही. कारण साधं आणि तर्काला धरून होतं. समोरच्याने विचार करून नकार दिलाय, दहा वेळा विचारून उत्तर बदलणार नाही. पाकीट जसं आलं तसं पुढे जाऊ द्या.

कागदावर हे बरोबर होतं. प्रत्यक्षात मात्र अनेकांची इथे फसगत झाली.

डेव्हलपरने पहारेकरी नेमलेला असायचा. परत प्रयत्न, नोंदवही, अडकलेले निरोप बाजूला ठेवायची जागा, सगळं लावलेलं. मग समोरच्या बँकेकडून किंवा विमा कंपनीकडून फॉल्ट यायचा आणि पहारेकऱ्याच्या समोरून आरामात निघून जायचा. त्याच्या लेखी ही चूक नव्हतीच, ते एक उत्तर होतं. नोंदवहीत सगळं हिरवं. इकडे ग्राहकाचं काम झालेलं नाही आणि तिकडे ऑफिसमध्ये कुणाला खबरही नाही.

यावर कॅमलमध्ये 'हँडल फॉल्ट' नावाचं एक बटण होतं. ते चालू केलं की लेखी नकारालाही एक्सेप्शनसारखं वागवलं जायचं आणि पहारेकरी जागा व्हायचा. अडचण एवढीच की ते बटण आहे हे माहीत असायला हवं, आणि ते बहुतेकांना पहिला फटका बसल्यावरच कळायचं. २०१९ च्या अखेरीस आलेल्या कॅमल ३ मध्ये ही सगळी वेगळी व्यवस्थाच मूळ निरोपातून काढून टाकली गेली. ती फक्त सोपच्या फॉल्टसाठीच कामाला येत होती. आता सोपशी बोलणारा जो जोडभाग असतो, त्याच्यावरच 'नकाराला चूक समज' असं सांगावं लागतं. निर्णय योग्यच म्हणायला हवा. नकार कसा ओळखायचा ते नकार ऐकणाऱ्यालाच जास्त कळतं.

याच्या उलट चूकही होते. पहारेकऱ्याला सांगितलं जातं, 'चूक आली तर तू निस्तर, वर कळवू नकोस.' तो निस्तरतो. पण पाठवणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते सांगायचं डेव्हलपर विसरतो. मग पाठवणाऱ्याकडे नेहमीसारखं उत्तर जातं आणि त्याला वाटतं काम झालं. काही वेब सर्व्हिस तर पाकिटावर 'सगळं ठीक' असा २०० क्रमांकाचा शिक्का मारतात आणि आतल्या चिठ्ठीत लिहितात, 'माफ करा, जमलं नाही.' पाकीट न उघडणारा पोस्टमन इथे हमखास फसतो.

सगळ्यात अवघड उत्तर म्हणजे शांतता

रस्ता बंद असेल तर थांबता येतं. नकार आला तर कळवता येतं. पण काहीच उत्तर आलं नाही तर?

पुन्हा चहावाल्याकडे येऊ. तुमच्या बँकेतून २० रुपये वजा झाले. स्विचने चहावाल्याच्या बँकेला 'जमा करा' असं सांगितलं. आणि तिकडून उत्तर आलं नाही. आता दोन शक्यता आहेत. एक, तिच्यापर्यंत निरोप पोहोचलाच नाही. दुसरी, निरोप पोहोचला, पैसे जमाही झाले, फक्त 'झालं' हे उत्तर वाटेत हरवलं. स्विचच्या जागी बसून पाहिलं तर दोन्ही अगदी सारखंच दिसतं.

पैसे लगेच परत केले आणि दुसरी शक्यता खरी निघाली, तर चहा फुकट आणि बँकेला भुर्दंड. परत 'जमा करा' म्हटलं तर चहावाल्याला ४० रुपये. म्हणून अशा वेळी यूपीआय 'डीम्ड' नावाची तिसरी वाट धरते. व्यवहार झाला असं तात्पुरतं मानायचं, पैसे कापलेलेच ठेवायचे, आणि घेणाऱ्या बँकेने आपली वही तपासून एकतर जमा करायचे किंवा परत पाठवायचे. तुमच्या ॲपवर जे पिवळ्या रंगात 'पेंडिंग' किंवा 'प्रोसेसिंग' दिसतं, त्यामागे बऱ्याचदा हीच भानगड असते. बँकेने पैसे 'दाबून ठेवले' असं वाटतं. प्रत्यक्षात कुणालाच अजून खरं उत्तर माहीत नसतं.

यावर एक सुंदर उपाय आहे. प्रत्येक निरोपाला आयुष्यभर न बदलणारा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर घेणाऱ्याने काम पुन्हा करायचं नाही, फक्त आधीचं उत्तर परत द्यायचं. किराणा दुकानदाराने उधारीच्या वहीत बघून 'अहो, हे कालच लिहिलंय' म्हणावं, तसं. कॅमलमध्ये यासाठी तयार सोय आहे. मात्र वही ठेवायची जबाबदारी निरोप घेणाऱ्यावर असते. त्याने ती ठेवली नसेल तर पाठवणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी पैसे दोनदा जाऊ शकतात.

मग १२ एप्रिलला काय बिघडलं?

उत्तर आलं नाही तर स्विचला विचारायची सोय यूपीआयमध्ये आहे. तिचं नाव चेक ट्रान्झॅक्शन. 'अमुक क्रमांकाच्या व्यवहाराचं काय झालं?' एवढाच प्रश्न. पैसे हलत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न शंभर वेळा विचारला तरी काही बिघडत नाही असं वाटू शकतं. तिथेच घोडं पेंड खातं.

जरा गणित करून बघा. आकडे समजण्यापुरते आहेत. रोज सुमारे ५९ कोटी व्यवहार. हजारातला एकच अडकला तरी दिवसाला जवळपास सहा लाख. आता त्यातल्या प्रत्येकाबद्दल कुणी दर पाच सेकंदांनी तासभर विचारत बसलं, तर प्रत्येकी ७२० प्रश्न, म्हणजे एकूण ४२ कोटींच्या पुढे. दिवसभराच्या सगळ्या व्यवहारांच्या सत्तर टक्क्यांहून जास्त! प्रश्न वाढले की स्विच मंदावतो. स्विच मंदावला की आणखी व्यवहार अडकतात. आणखी अडकले की आणखी प्रश्न. टोल नाक्यावर सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवून पुढे घुसावं आणि नाकाच बंद पडावा, तसं.

सॉफ्टवेअरच्या जगात हा रोग जुना आहे आणि औषधंही ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे दोन प्रयत्नांतलं अंतर वाढवत न्यायचं. एक सेकंद, मग दोन, मग चार, मग आठ. दुसरं, प्रयत्नांना मर्यादा घालायची. तिसऱ्याला सर्किट ब्रेकर म्हणतात, घरातल्या एमसीबीसारखाच. समोरून सलग चुका यायला लागल्या की बटण खाली पडतं, काही काळ निरोप पाठवणंच बंद होतं, आणि नंतर एखादा निरोप सोडून वीज आली का ते बघितलं जातं. कॅमलमध्ये हे तिन्ही आहे. पण कॅमल स्वतःहून परत प्रयत्न करत नाही, ते डेव्हलपरला सांगावं लागतं. ही सावधगिरी किती शहाणपणाची आहे ते एप्रिलच्या त्या शनिवारी दिसलं.

त्यानंतर एनपीसीआयने जे नियम आणले ते याच औषधांचे डोस आहेत. १६ जून २०२५ पासून उत्तराची मुदत घटवली. पेमेंटच्या निरोपाला ३० ऐवजी १५ सेकंद आणि स्थिती विचारण्याला ३० ऐवजी १० सेकंद. ऑगस्टपासून अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच विचारता येते आणि दोन वेळांमध्ये किमान ९० सेकंद जावे लागतात. एका ॲपवरून बॅलन्स दिवसातून ५० वेळाच बघता येतो. 'दिवसातून ५० वेळा बॅलन्स बघतंय कोण?' यावर तेव्हा भरपूर विनोद झाले. पण रोख माणसांपेक्षा जास्त मागच्या यंत्रणांवर होता. ऑटोपेचे हप्ते गर्दीच्या वेळा टाळून कापायचे, हाही त्यातलाच भाग.

पत्ता न लागलेली पत्रं कुठे जातात?

सगळे प्रयत्न संपले तरी निरोप पोहोचला नाही तर तो फेकून देता येत नाही. रांगेत तसाच ठेवला तर मागचे सगळे खोळंबतात. एसटीच्या खिडकीवर एक जण सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत बसला की मागच्यांची गाडी सुटते, तसं.

पोस्टाने यावर कधीच उपाय काढला होता. ज्या पत्रांचा ना घेणारा सापडतो ना पाठवणारा, ती एका वेगळ्या कार्यालयात जातात. पूर्वी त्याला डेड लेटर ऑफिस म्हणत, भारतीय पोस्टात रिटर्न्ड लेटर ऑफिस म्हणतात. तिथले कर्मचारी पत्र उघडून पाठवणाऱ्याचा पत्ता शोधू शकतात. सॉफ्टवेअरवाल्यांनी नावासकट ही कल्पना उचलली. न पोहोचलेले निरोप 'डेड लेटर' रांगेत बाजूला ठेवायचे, सोबत ते का अडकले याची नोंद ठेवायची, आणि मग माणसाने किंवा दुसऱ्या यंत्रणेने एकेक बघायचा.

एकेक बघायचा, हेच नेमकं अनेक ठिकाणी राहून जातं. रांग तयार असते, ती भरतही असते, पण ती रोज उघडून बघणं कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. अशा वेळी सॉफ्टवेअर अगदी नियमाप्रमाणे चाललेलं असतं आणि तरीही कुणाचा तरी विमा, कुणाची तरी शिष्यवृत्ती महिनोन्महिने एका फाइलमध्ये पडून राहते.

पैशांच्या बाबतीत मात्र हा आळस महाग पडेल अशी तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे. २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक त्यासाठी आहे. यूपीआयने एका खात्यातून पैसे कटले आणि दुसऱ्यात जमा होऊ शकले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानात पैसे दिले, कटले, पण दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर मुदत पाच दिवस. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. ही भरपाई ग्राहकाने मागण्याची वाट न बघता खात्यात जमा करायची, असं परिपत्रकात स्पष्ट आहे. हे दिवस कॅलेंडरप्रमाणे मोजायचे आहेत, त्यामुळे 'मधे सुट्टी होती' ही सबब चालत नाही.

तुमचं पेमेंट अडकलं तर?

स्क्रीनवर 'फेल्ड' असेल तर समोरून नकार आलाय. कारण वाचा आणि दुसऱ्या मार्गाने पैसे द्या. 'पेंडिंग' असेल तर उत्तरच आलेलं नाही, म्हणजे तो शांततेचा प्रकार. अशा वेळी लगेच परत पैसे पाठवणं धोक्याचं. तुमचं दुसरं पेमेंट नवा क्रमांक घेऊन जातं, त्यामुळे यंत्रणेच्या लेखी तो पूर्ण वेगळा व्यवहार असतो. पहिला नंतर पोहोचला तर पैसे दोनदा गेलेच म्हणून समजा. घाई असेल तर रोख द्या आणि दुकानदाराला तसं सांगून ठेवा.

व्यवहाराच्या तपशिलात १२ अंकी यूटीआर क्रमांक असतो. दोन्ही बँकांच्या वह्यांत तो व्यवहार शोधायचा धागा तोच, त्यामुळे नुसत्या स्क्रीनशॉटपेक्षा तो क्रमांक जास्त कामाचा. दुकानदारांनाही हेच लागू. 'सक्सेसफुल' लिहिलेली हिरवी स्क्रीन बनावट ॲपवरही दाखवता येते. साउंडबॉक्स बोलेपर्यंत किंवा खात्यात नोंद दिसेपर्यंत माल हातात न दिलेला बरा.

तक्रार आधी ॲपमध्ये त्या व्यवहारावरच नोंदवायची, मग बँकेकडे. ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्यासाठीचा संपर्क क्रमांक १४४४८.

आणि एक्सवर राग काढायचा असेल तर जरूर काढा, फक्त यूटीआर, मोबाइल नंबर आणि खात्याचा तपशील झाकून. अशा पोस्टखाली बँकेचा लोगो लावलेलं खातं काही मिनिटांत 'सर, आपला नंबर डीएम करा' म्हणत येतं. ते बहुतेक वेळा बँकेचं नसतं. गुगलवर सापडलेल्या कस्टमर केअर नंबरचंही तेच. पैसे परत मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त असते.